प्रोब धुण्याच्या नोंदी: वेंगुर्ला, पावसाळा २०२४

३ जून, सोमवार

सकाळी वेंगुर्ल्याच्या प्रसूतिगृहातून डॉक्टर मॅडमचा फोन. पोटाच्या सोनोग्राफीत मधोमध काळी पट्टी येते आणि नेमकी बाळाच्या डोक्यावरूनच जाते. अशी उपकरणं सांभाळणं हे माझं काम. कुडाळहून निघालो, साडेदहाला पोचलो. पाऊस अजून आलेला नाही. खोलीत एसी, आणि एसी असूनही भिंतीला घाम.

पट्टी मशीनची की प्रोबची, म्हणजे अंगावर फिरवायच्या भागाची, हे आधी ठरवायचं. प्रोब दुसऱ्या पोर्टला लावला, पट्टी तिथेही. प्रोब हातात उलटा फिरवला तर पट्टीही फिरली. म्हणजे प्रोबच. मग जेल पूर्ण पुसून, प्रोब हवेत धरून, गेन, म्हणजे पडद्यावरचा उजेड, चढवून बघितलं. निरोगी प्रोब हवेत धरला की पडद्याच्या वरच्या भागात एकसारख्या आडव्या पट्ट्या दिसतात, कारण प्रोबमधून निघणारा, कानाला न ऐकू येणारा आवाज तोंडावरच्या रबरी लेन्समध्येच मागेपुढे आपटत राहतो. इथे त्या पट्ट्या दोन ठिकाणी तुटलेल्या. खात्रीसाठी कागदाची पिन उघडून तिची कड लेन्सवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवली. पिन जिथे जाईल तिथे पडद्यावर उजळ रेघ चालत जायला हवी. त्याच दोन जागी रेघ विझली. या चाचणीला लागतं काय, तर एक पिन आणि दोन मिनिटं. खरं तर दर महिन्याला कुणीही करावी. कुणी करत नाही, आणि मीही आजवर कुणाला सांगितलेली नाही.

लेन्स बोटाने चाचपली. कडेला रबर फुगलेलं, मधे केसाएवढी चीर, रंग पिवळट. ट्रॉलीवर स्पिरिटची बाटली आणि कापूस.

मावशींना विचारलं, रोज कशाने पुसता?

"अरे झिला, स्पिरिटान. स्पिरिट नाय लावला तर जंतू मरतले कशे? धा वर्सां ह्याच करतंय."

मावशींचा यात दोष धरता येणार नाही. त्यांना कुणी वेगळं शिकवलेलंच नाही, आणि इंजेक्शनच्या आधी स्पिरिट लावतात हे तर सगळ्या गावाला माहीत. शिवाय २०२० साली करोनात आपण सगळ्यांनीच हाताला लागेल ते सॅनिटायझर हाताला लागेल त्या वस्तूवर ओतलं. त्या वर्षानंतर माझ्याकडे आलेल्या फाटक्या लेन्स मी मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या.

मॅडमना दुपारी सांगितलं: नुसता प्रोब दुरुस्त करून दिला तर दोन वर्षांनी पुन्हा मीच येईन. धुण्याची पद्धत बदलू, तीन महिने नोंदी ठेवू. त्या म्हणाल्या, "ठेवा. पण माझी ओपीडी थांबता कामा नये." पट्टी असलेला प्रोब तूर्त बाजूला ठेवला. सरळ तोंडाच्या लिनियर प्रोबवर वरवरची कामं होतील, आणि पोटाच्या तपासणीसाठी सावंतवाडीला पाठवणं सुरू.

५ जून, बुधवार

मशीनच्या कपाटात मॅन्युअल सापडलं, प्लास्टिकही न फाडलेलं. त्यात प्रत्येक प्रोबच्या मॉडेल नंबरापुढे कोणतं रसायन चालतं याची यादी आहे. आमच्या पोटाच्या प्रोबसमोर अल्कोहोल लेन्सवर आणि केबलवर वर्ज्य. शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या मॉडेलला तेच थोड्या वेळापुरतं चालतं. म्हणून "सोनोग्राफीच्या प्रोबला अमुक लावावं" असं सरसकट वाक्य या वहीत लिहायचं नाही, मॉडेल नंबर धरूनच लिहायचं.

असं का, ते मावशींना आणि सिस्टरना चित्र काढून समजावलं. आत बारीक स्फटिकांची रांग. त्यावर एक-दोन थर, आवाज शरीरात नीट शिरावा म्हणून. सगळ्यात वर सिलिकॉन रबराची लेन्स. हे थर एकमेकांना डिंकाने चिकटवलेले. स्पिरिट रबराला कोरडं करतं, मग ते तडकतं. तडीतून जेल आणि पाणी आत जातं, डिंक सुटतो, थर उचलला जातो. पडद्यावरची काळी पट्टी म्हणजे तो उचललेला थर. व्हॅसलीन, खनिज तेल, लॅनोलिन यांनी उलटं होतं, रबर फुगतं. इथे एक खास कोकणी भानगड: पोटावर खोबरेल चोळून येणाऱ्या बायका. खोबरेल वेगळं तेल असलं तरी मला ते लेन्सवर नकोच आहे. तपासणीआधी पोट ओल्या कपड्याने पुसून घेणं आजपासून सुरू.

ऑटोक्लेव्ह तर सोडाच. शेजारच्या तालुक्यात एका नव्या मुलाने कात्र्यांबरोबर प्रोबही ऑटोक्लेव्हमध्ये टाकला होता. १२१ अंशांतून बाहेर आला तेव्हा तो पेपरवेटच्या लायकीचा उरला होता.

आता जंतूंची बाजू. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवतज्ज्ञाने अर्ध्या शतकापूर्वी उपकरणांची विभागणी केली, ती आजही सगळीकडे चालते. धडधाकट त्वचेला लागणारं उपकरण असेल तर साधं निर्जंतुकीकरण पुरे. श्लेष्मल पटलाला, म्हणजे तोंड, योनी यांच्या आतल्या ओल्या अस्तराला लागणारं असेल तर उच्च पातळीचं. शरीराच्या निर्जंतुक भागात जाणारं असेल तर पूर्ण निर्जंतुक. म्हणजे पोटाचा प्रोब पहिल्या खणात. टीव्हीएसचा, आतून तपासणीचा प्रोब दुसऱ्या खणात, आणि तो कंडोम लावून वापरला तरी दुसऱ्याच खणात. हा "तरी" इथे कुणाला ठाऊक नव्हता. आजवर टीव्हीएसनंतर कंडोम काढायचा, टिश्यूने पुसायचं, वर स्पिरिटचा हात मारायचा, झालं.

कव्हर फाटू शकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक भोक पडू शकतं, आणि काढताना हाताला लागलेलं प्रोबच्या मुठीला लागतं. मॅडमनी मान डोलावली. २०१२ साली ब्रिटनच्या नियामक संस्थेने काढलेला इशारा त्यांना वाचून दाखवला: अन्ननलिकेतून हृदय बघायचा प्रोब नीट निर्जंतुक न होण्याशी संबंध जोडलेला हिपॅटायटिस बीचा मृत्यू. इशारा टीव्हीएस आणि गुदमार्गाच्या प्रोबनाही लागू होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "यादी द्या, काय आणायचं."

आणि माझ्या डोक्यात जे आज बसलं ते लिहून ठेवतो: तडकलेली लेन्स निर्जंतुक होऊच शकत नाही, चिरेत काय बसलंय तिथे ना पुसणी पोचते ना द्रावण. तेव्हा उपकरण सांभाळणारा माझ्यासारखा आणि जंतू मारणारी सिस्टर ही दोन वेगळी खाती नव्हेतच.

१० जून, सोमवार

पाऊस आला. आज फक्त जेल.

पाच लिटरचा कॅन जमिनीवर, त्यातून छोट्या बाटल्या भरायच्या. बाटली संपत आली की वरून भरायची, म्हणजे तळातलं जेल कधीच संपत नाही. एका बाटलीच्या तोंडाशी करडी कड. थंडीत जेल गार लागतं म्हणून बाटल्या कोमट पाण्याच्या भांड्यात उभ्या करायची पद्धतही होती. ते भांडं म्हणजे जंतूंचं पाळणाघर.

जेल म्हणजे पाणी, घट्टपणासाठी कार्बोमर, आणि थोडं ग्लायकॉल वा ग्लिसरिन. जंतूंना मारण्याची ताकद त्यात नसतेच म्हणावी. २०२१ साली अमेरिकेत सोनोग्राफी जेलमधून बर्खोल्डेरिया जातीच्या जिवाणूंचा संसर्ग पसरला आणि एका उत्पादकाचं जेल बाजारातून परत मागवावं लागलं. तिथे तर कारखान्यातूनच दूषित आलं होतं. आपण बंद कॅन उघडून, पावसाळी हवेत, वाटीने भरतो.

ठरलं: पोटासाठी तयार भरलेल्या बाटल्या, उघडल्याची तारीख लिहून, संपली की फेकायची. टीव्हीएससाठी कव्हरच्या आत आणि बाहेर निर्जंतुक जेलची एकदाच वापरायची पाकिटं. खर्च वाढतो. हिशेब ठेवणाऱ्या काकांनी कपाळाला आठी घातली. मी त्यांना नव्या प्रोबचं कोटेशन दाखवलं. आठी गेली नाही, पण सही झाली.

कॅन मावशींनी मागितला, रिकामा करून पाणी भरायला. धुऊन दिला.

१४ जून, शुक्रवार

टीव्हीएससाठी रसायन निवडलं. पर्याय तीन होते. ग्लुटराल्डिहाइड स्वस्त, पण वास डोळ्यांना झोंबतो आणि खोली बंद. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडणारं बंद यंत्र उत्तम, सात मिनिटांत काम करतं, पण त्याची किंमत या इस्पितळाच्या आवाक्याबाहेर, आणि त्याला आमचा प्रोब चालतो की नाही हेही यादीत बघावं लागेल. तिसरं ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, म्हणजे सगळे म्हणतात ते ओपीए. ०.५५ टक्के, तयार द्रावण, त्यात काही मिसळायचं नाही. मॅन्युअलच्या यादीत आमच्या टीव्हीएस प्रोबपुढे त्याचं नाव आहे. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे २० अंशांवर १२ मिनिटं. तापमानाची आपल्याला चिंता नाही, वेंगुर्ल्यात २० अंश पौषातल्या पहाटेच बघायला मिळतात.

भांड्यावरून माझी फजिती. प्रोब लांब, पसरट ट्रेमध्ये बुडवला तर मूठही जाते आणि लिटरभर द्रावण जास्त लागतं. मी हुशारी केली: पीव्हीसी पाइपाचा तुकडा, खाली टोपी, झाली उभी नळी. वर झाकण म्हणून दुसरी टोपी. सिस्टरनी पहिल्याच खेपेला विचारलं, "सर, आत किती बुडालाय ते दिसणार कसं?" मॅन्युअलमध्ये प्रोबवर बुडवण्याची रेघ दाखवलेली आहे, तिच्यावर द्रावण जाता कामा नये. पाइप अपारदर्शक. पाइप गेला मावशींच्या परसात, पडवळाच्या वेलाला.

आता प्रयोगशाळेतलं पारदर्शक मोजपात्र आणलंय, एक लिटरचं. वर क्लिप लावून प्रोब लोंबता ठेवला, म्हणजे लेन्स तळाला टेकत नाही. केबल बाहेर, कनेक्टर हातभर लांब सुक्या हुकाला. कनेक्टर ओला झाला तर बाकीचं सगळं व्यर्थ.

आणि क्रम. हा क्रम भिंतीवर चिकटवला आहे, पण कारणासकट इथे लिहितो. कव्हर काढलं की आधी जेल टिश्यूने पूर्ण पुसायचं, मग एन्झाइमच्या साबणाने धुवायचं, मग पाण्याने, मग कोरडं करायचं, आणि तेव्हाच ओपीएत. हे आल्डिहाइड प्रथिनं जागच्या जागी घट्ट करतं, म्हणजे घाण तशीच राहिली तर ती शिजून बसते आणि तिच्याखाली जंतू सुखरूप. ओला प्रोब घातला तर द्रावण पातळ होतं. बाहेर काढल्यावर तीन वेळा वेगवेगळ्या पाण्यात, दर वेळी मिनिटभर.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. ओपीडी रिकामी. तालमीला बरा दिवस.

मावशी वडाला फेऱ्या मारून अकराला आल्या. तिघींनी आळीपाळीने करून दाखवलं. घोळ कुठे होतो ते बघायचं होतं. झालेला घोळ: मूठ. सगळ्या टोक चकाचक करतात आणि ज्या मुठीला हातमोज्याने धरलं ती तशीच राहते. मूठ बुडवायची नाही, पण प्रोबला चालणाऱ्या पुसणीने ती पुसायची, केबलचा पहिला हातभर भागही.

दुसरा घोळ पुसणीचा. पोटाच्या प्रोबसाठी आता क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशकाच्या ओल्या पुसण्या आणल्या आहेत, यादीत बघून. पुसल्यावर प्रोब पाकिटावर लिहिलेला वेळ ओला राहायला हवा. आमच्या खोलीत एसीचा झोत थेट ट्रॉलीवर येतो, पृष्ठभाग मिनिटाभरात सुकतो. मग दुसरी पुसणी. एसीची पट्टी वर वळवली तर मॅडमना उकडतं. ट्रॉली दोन फूट सरकवली. अशा गोष्टी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतात.

स्पिरिटची बाटली ड्रेसिंगच्या खोलीत हलवली. मावशींनी ती स्वतः उचलून नेली, जरा नाराजीनेच.

२८ जून, शुक्रवार

पाण्याचा मुद्दा. प्रोब ज्या पाण्याने खंगाळतो ते विहिरीचं. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, उन्हाळ्यात मचूळ होतं. शिवाय टाकीच्या तळाला तांबूस गाळ, जांभ्याचा. उच्च पातळीचं निर्जंतुकीकरण करून मग त्या पाण्यात बुचकळणं म्हणजे न्हाऊन चिखलात उतरणं. आरओचं पाणी वापरायचं म्हटलं तर त्याची साठवणीची टाकी शेवटची कधी धुतली होती, कुणालाच आठवेना. तूर्त शेवटच्या खंगाळणीला बाटलीबंद निर्जंतुक पाणी, पहिल्या दोन आरओच्या. टाकी दर शनिवारी धुवायची असं पत्रक लावलं.

८ जुलै, सोमवार

दोन दिवस धुमशान. कुडाळात ठिकठिकाणी पाणी. काल निघताच आलं नाही, आज दुपारी पोचलो. वीज सकाळपासून चार वेळा गेली. इन्व्हर्टरवर मशीन चालत नाही, म्हणून टीव्हीएसच्या एका पेशंटला मध्येच उठवावं लागलं आणि प्रोब अर्धवट पुसून ट्रेमध्ये पडून राहिला, दीड तास. जेल सुकून खवल्यांसारखं झालेलं. नियम करावा लागला: वीज जावो की छप्पर उडो, कव्हर काढल्या काढल्या प्रोब पुसायचा. बाकीचं नंतर. ओला जेल एका टिश्यूत निघतो, सुकलेला नखाने काढावा लागतो, आणि नख म्हणजे पुन्हा लेन्स.

कनेक्टर उघडून बघितला. दोन पिनांना हिरवट गंज, खारी हवा. प्रोब ज्या फोमच्या पेटीत ठेवत होते त्या फोमला बुरशीचे ठिपके. ती पेटी मुळात प्रवासासाठी असते. धुतलेला प्रोब तिच्यात ठेवायचाच नाही. आता भिंतीवर स्टँड, प्रोबवर स्वच्छ सैल पिशवी, तारखेचं लेबल. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक चाळीसचा बल्ब. जुन्या कॅमेरेवाल्यांची युक्ती आहे, माझे मामा लेन्सच्या डब्यात हेच करत.

१५ जुलै, सोमवार

पोटाचा प्रोब मुंबईला दुरुस्तीला पाठवायचा. बरोबर घेऊन रात्रीच्या गाडीने जाणार होतो, पण काल संध्याकाळी दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वे ठप्प. खासगी बसने पाठवला, ड्रायव्हरच्या पायाशी न ठेवता सीटवर बांधून. सीटचं भाडं भरलं.

पाठवताना दोन कागद लागले. एक, प्रोब निर्जंतुक केल्याचं पत्र. दुरुस्ती करणारेही माणसंच, दूषित प्रोब त्यांनी का उघडावा? आजवर या प्रसूतिगृहातून गेलेल्या कुठल्याच वस्तूबरोबर असं पत्र गेलं नव्हतं. दुसरा कागद पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्याचा. यंत्रसामग्रीत बदल होणार असेल तर समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं. मॅडम या बाबतीत फार काटेकोर. प्रोबचा सिरियल नंबर, तोच परत येणार की बदलून येणार, सगळं पत्रात. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "नुसता प्रोबच तर आहे." त्याला कायदा समजावण्यात अर्धा तास गेला. गर्भलिंग निदानाची पाटी बाहेर लावली की काम झालं असं फार जणांना वाटतं.

२४ जुलै, बुधवार

चूक झाली. लिहून ठेवणं भाग आहे.

टीव्हीएस प्रोब १२:५० ला ओपीएत गेला. सिझेरियन आलं, सगळे वर धावले. १:३५ ला आठवण झाली. १२ च्या जागी ४५ मिनिटं.

फार वेळ ठेवल्याने जंतू जास्त मरतात असा समज आहे. सांगितलेल्या वेळात जे मरायचे ते मरतात. पुढचा प्रत्येक मिनिट रबर आणि डिंक शोषून घेतात. प्रोब काढला, नेहमीपेक्षा जास्त खंगाळला, कारण शोषलेलं ओपीए पुढच्या पेशंटला लागायला नको. सुकवला. लेन्स भिंगाखाली बघितली, कड बोटाने दाबून बघितली. मग हवेतली प्रतिमा. पट्ट्या एकसारख्या. गळतीच्या विद्युतप्रवाहाची चाचणी माझ्याकडच्या मीटरवर केली, ठीक आली. वाचलो. पण अशी चैन वर्षात एकदाच.

उपाय शोधायला कुणाला फार डोकं लागलं नाही. मावशींनी घरून कुकरच्या शिट्टीसारखा वाजणारा स्वयंपाकाचा टायमर आणला. १२ मिनिटांनी तो वरच्या मजल्यावर ऐकू येतो.

त्यांनीच बोटं दाखवली: "ह्या माज्या बोटांक काय झाला?" टोकं करडी. ओपीए त्वचेतल्या प्रथिनांना रंगवतं. म्हणजे हातमोजे न घालता झाकण उघडलं. चार-सहा दिवसांत जाईल म्हटलं, आणि नायट्राइलचे मोजे आता मोजपात्राच्या शेजारीच टांगलेत, कपाटात नाहीत. एक गोष्ट मात्र बरी झाली. आता त्यांना डाग बघून स्वतःलाच कळतं कुठे थेंब उडाला. टेबलावरचे करडे डागही त्यांनीच शोधून काढले.

५ ऑगस्ट, सोमवार

चाचणीपट्ट्यांचा, म्हणजे ओपीएचा जोर तपासायच्या पट्ट्यांचा हिशेब. द्रावण १४ दिवस चालतं असं डब्यावर आहे, पण ते कमाल. रोज पहिल्या प्रोबच्या आधी पट्टी बुडवायची, ठरल्या सेकंदांनी रंग बघायचा. पूर्ण जांभळी झाली तर चालेल. कुठेही निळं राहिलं तर द्रावण ओतून द्यायचं, मग तो तिसरा दिवस का असेना.

पहिली खेप १४ दिवस टिकली. दुसरी ११ व्या दिवशी नापास. तिसरी दहाव्या. सिस्टरना वाटलं पट्ट्या खराब. पट्ट्यांची बाटली नवी होती, तारीख लिहिलेली. मग वही उलटून बघितली. जुलैत टीव्हीएस वाढले, आणि वीज जाण्याच्या धांदलीत प्रोब नीट सुकवला जात नव्हता. प्रत्येक वेळी चमचाभर पाणी मोजपात्रात. लिटरभर द्रावणात वीस-पंचवीस चमचे म्हणजे काही थोडं नव्हे. धागे न सोडणारा मऊ कपडा आता एकदाच वापरायचा ठरला, तोवर एकच फडका दिवसभर फिरत होता.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. आधी ग्लायसीन घालून निकामी करायचं. ग्लायसीन मागवलं तेव्हा औषधवाल्याने विचारलं, जिमवाले घेतात तेच ना?

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. बंदरावर ढोल. दुरुस्त प्रोब आला, सिरियल नंबर तोच, लेन्स नवी. लावायच्या आधी हवेतली प्रतिमा घेतली, छापली आणि वहीत चिकटवली. बाकी दोन प्रोबचीही. पुढच्या प्रत्येक महिन्याची त्याशेजारी लागेल. हे जूनमध्ये असतं तर पट्टी बाळाच्या डोक्यावर पोचायच्या आधी दिसली असती.

पिनची चाचणी आता सिस्टर करतात. त्यांनी पिन सरकवली, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेली. मॅडम मागे उभ्या होत्या. "परत करा," म्हणाल्या. परत केली.

२ सप्टेंबर, सोमवार

गणपती शनिवारी. मुंबईचे चाकरमानी येऊ लागलेत, आणि गावी आल्यावर सासूबरोबर येऊन तपासून घेणाऱ्या सुना दरवर्षी असतात. आज टीव्हीएसच्या सहा पेशंट एकदम बाकावर.

एका प्रोबला धुणं, सुकवणं, १२ मिनिटं, तीन खंगाळण्या, परत सुकवणं, मिळून २५ मिनिटं लागतात. टीव्हीएस प्रोब एकच. म्हणजे तासाला दोन पेशंट, फार तर. मॅडमनी मला फोन लावून दिला, स्वतः बोलल्या नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "बाहेर आवाज वाढलाय. मधे एकदा नुसतं पुसून चालेल का?"

नाही म्हटलं. मग काय करता येईल ते बघितलं. सहापैकी दोघींचं काम पोटावरून होण्यासारखं आहे असं मॅडमनी ठरवलं, त्यांना पाणी प्यायला बसवलं. एकीला दुपारी बोलावलं. उरलेल्या तिघी अर्ध्या-अर्ध्या तासाने. पुढच्या आठवड्यासाठी टीव्हीएसच्या वेळा वेगळ्या पानावर, मधे पोटाच्या तपासण्या. दुसरा टीव्हीएस प्रोब घ्यायचा का, यावर हिशेबाच्या काकांचं उत्तर: गणपतीनंतर बघू.

संध्याकाळी मावशींचा फोन. दिवसाची वही वाचून दाखवली. प्रोब किती वाजता आत, किती वाजता बाहेर, पट्टीचा रंग, सही. "जांभळा" शब्दासमोर त्यांनी प्रत्येक वेळी "जांबूळ" लिहिलंय. राहू दिलं. नवं द्रावण आजच भरलं, मोजपात्रावर तारीख १६ सप्टेंबर, पण त्याखाली त्यांनीच कंसात लिहिलंय: पट्टी बगून.